मावसबहीण कीं आत्येबहीण? एका चिनी कादंबरीच्या निमित्तानें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं रात्रीच्या जेवणानंतर एका चिनी कादंबरीचें वाचन चालत असे. पुस्तक इंग्रजी आणि श्रोते बहुतेक इंग्रजी न जाणणारे. तेव्हां मीं वाक्य मनांत वाचावें व मोठ्यानें मराठींत सांगावें, असा परिपाठ पडला होता. श्रोत्यांत मुख्य आमची आत्या. वय ऐंशीच्या पुढें, कान तिखट, आणि नात्यागोत्याच्या बाबतींत गोंधळ म्हणून खपवून घ्यावयाची नाहीं. पहिल्याच आठवड्यांत, “आणि मग त्याची कझिन त्यांच्या घरीं राहावयास आली,” असें मीं सांगतांच तिनें मला थांबविलें. “कझिन म्हणजे कोण? चुलतबहीण, मामेबहीण, आत्येबहीण कीं मावसबहीण?” मीं म्हटलें, “आत्या, इंग्रजींत या सर्वांना एकच शब्द आहे.” त्यावर ती म्हणाली, “इंग्रजांत असेल रे. पण हीं माणसं चिनी ना? त्यांच्या भाषेंत काय म्हणतात?”

प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या कादंबरीचें अर्धें मर्म या एका प्रश्नांत सांठविलेलें आहे, आणि मी मात्र तें न पाहतांच पुढें चाललों होतों. चीन देशाची ओळख आपणांस बहुधा इंग्रजी पुस्तकांच्या द्वारें होते. त्या ओळखींत कांहीं गोष्टी विलक्षण वाटतात, कांहीं पुसट वाटतात. आणि त्या विलक्षणपणाचें व पुसटपणाचें सारें खापर आपण चिनी लोकांच्या माथीं फोडून मोकळे होतों. त्यांतला किती भाग खरोखर चिनी आणि किती भाग मध्यें उभ्या असलेल्या दुभाष्याचा, हें तपासून पाहण्याची तसदी आपण सहसा घेत नाहीं. आत्याच्या प्रश्नानें ती तसदी मला घ्यावी लागली. तिचें फळ वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कादंबरीचें नांव ‘हुंग-लौ-मंग’, म्हणजे ‘लाल माडीचें स्वप्न’. ‘शिळेची कथा’ असेंही तिचें एक नांव आहे. कर्ता त्साओ श्वेछिन हा अठराव्या शतकांतील. एके काळीं राजकृपेनें वैभवास चढलेल्या आणि पुढें राजकोपानें धुळीस मिळालेल्या घराण्यांत तो जन्मला, आणि उत्तरायुष्य त्यानें पेकिंगच्या आसपास दारिद्र्यांत काढलें. त्याच्या हयातींत ग्रंथ छापला गेला नाहीं. ऐंशी प्रकरणें हस्तलिखितांच्या रूपानें फिरत होतीं, इ. स. १७९१ मध्यें छंग वेय्युआन व गाओ अ या दोघांनीं एकशें वीस प्रकरणांची छापील आवृत्ति काढली. शेवटचीं चाळीस प्रकरणें कोणाच्या हातचीं, हा वाद चिनी पंडितांत अद्यापि मिटलेला नाहीं. इंग्रजींत यांग श्येनयी व त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांचें भाषांतर १९७८ ते १९८० या काळांत तीन भागांत पेकिंगहून निघालें. आणि डेव्हिड हॉक्स व जॉन मिनफर्ड यांचें पांच भागांचें भाषांतर १९७३ पासून १९८६ पर्यंत पेंग्विन प्रकाशनानें काढलें. या कामासाठीं हॉक्स यांनीं ऑक्सफर्डचें प्राध्यापकपद सोडलें होतें. मी वाचीत होतों तें हेंच भाषांतर. पुढें त्याच्याविषयीं कांहीं तक्रारीचे शब्द येणार आहेत. म्हणून आधींच सांगून टाकतों कीं, इतक्या निष्ठेनें व इतक्या रसिकतेनें केलेलें भाषांतर क्वचितच वाचावयास मिळतें.

कथा जिया नांवाच्या सरदारी घराण्याची. शेजारशेजारच्या दोन वाड्यांत पसरलेला हा मोठा कुटुंबकबिला. नायक बाओयू हा तोंडांत रत्नाचा खडा घेऊन जन्मलेला, आजीचा लाडका, अभ्यासाचा कंटाळा करणारा आणि बहिणींच्या मेळ्यांत रमणारा मुलगा. त्याच्या भोंवतीं दोन मुली. आई वारल्यामुळें आजोळीं आलेली, हळवी, आजारी व तीक्ष्ण जिभेची दाइयू ही एक; आणि आई व भाऊ यांच्यासह येऊन राहिलेली, शांत, धोरणी व सर्वांना हवीशी वाटणारी बाओछाय ही दुसरी. बाओयूचें मन पहिलीवर. लग्न होतें दुसरीशीं, आणि तेंही वधू पहिलीच आहे असा त्याचा समज करून देऊन. त्याच वेळीं दाइयू प्राण सोडते. शेवटीं बाओयू घरदार सोडून संन्यासी होतो. शेंकडों माणसांच्या या अफाट कादंबरीचा सांगाडा इतकाच आहे.

इंग्रजींत या दोघीही त्याच्या ‘कझिन’. आत्याच्या प्रश्नानंतर मी वंशवृक्ष घेऊन बसलों. दाइयूची आई ही बाओयूच्या वडिलांची बहीण. म्हणजे दाइयू त्याची आत्येबहीण. बाओछायची आई ही बाओयूच्या आईची बहीण. म्हणजे ती मावसबहीण. चिनी भाषेला हा भेद पूर्ण ठाऊक आहे. बापाच्या भावांचीं मुलें ‘थांग’, म्हणजे एकाच दिवाणखान्याचीं. बाकीचीं सारीं ‘ब्याओ’, म्हणजे बाहेरचीं. आणि त्या बाहेरच्यांतही आत्या-मामाकडचें नातें निराळें व मावशीकडचें निराळें. विसाव्या प्रकरणांत रुसलेल्या दाइयूची समजूत घालतांना बाओयू याच भेदाचा आधार घेतो. आपलें नातें आत्या-मामाकडचें, तिचें मावशीकडचें, म्हणून तूंच मला अधिक जवळची. शिवाय तूं या घरांत आधीं आलीस, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. प्रेमाची कबुली देण्याचें धैर्य नसलेला मुलगा नात्याच्या हिशेबाआड लपून ती देतो आहे, ही या प्रसंगांतील गोडी. ‘कझिन’ या शब्दावर विसंबणाऱ्या वाचकाला आधीं हिशेब समजावून द्यावा लागतो, आणि हिशेब समजावतां समजावतां गोडी उडून जाते. मराठींत हा प्रसंग सांगतांना मला एकही जादा शब्द खर्चावा लागला नाहीं.

याहून मौजेची गोष्ट आमच्या श्रोतृवर्गाची. बाओयूची आई वांगबाई. तिच्या दृष्टीनें पाहिलें तर इंग्रजींत दाइयू आणि बाओछाय या दोघीही तिच्या ‘नीस’. मराठींत मात्र एक नणंदेची मुलगी आणि दुसरी सख्ख्या बहिणीची. हें कळतांच आत्यानें सुपारी कातरतां कातरतां निकाल दिला: “मग झालंच. नणंदेची पोर ती. तिला कोण हौसेनं सून करून घेणार?” आत्या ही स्वतः माझ्या आईची नणंद, तेव्हां तिच्या या उद्गारांत अनुभवाचाही अंश असावा. परंतु सांगावयाचें तें हें कीं, कादंबरीच्या शेवटास घडणाऱ्या गोष्टीचें एक कारण तिनें पहिल्याच आठवड्यांत ओळखलें. लग्न ठरविण्यांत वांगबाईचा हात आहे, तिची बहीण घरांत येऊन राहिली आहे, आणि वाड्याचा सारा कारभार ज्या शीफंगच्या हातीं आहे ती शीफंग तर वांगबाईच्या भावाची मुलगी. म्हणजे आत्याच्या सासरीं पुतण्याची बायको होऊन आलेली भाची! वाड्याला नांव जिया घराण्याचें, पण माजघरांत राज्य वांग माहेराचें. दाइयूचें आजोळ हेंच, पण तिच्या बाजूनें बोलणारी एकटी म्हातारी आजी, आणि तिचाही आधार अखेर तुटतो. हें सारें राजकारण नात्यांच्या शब्दांतच उभें आहे. ‘आंट’, ‘नीस’, ‘कझिन’ अशा सैल शब्दांच्या पिशव्यांत तें भरलें कीं, एका घरांतील रस्सीखेंच न दिसतां केवळ माणसांची गर्दी दिसते.

असेंच दुसरें उदाहरण शीफंगच्या मुलीचें. आई वारल्यावर या पोरीला दूर देशीं विकावयाचा बेत रचला जातो, आणि त्यांत प्रमुख असतो तिचा मामा. इंग्रजी वाचकाला येथें एक दुष्ट ‘अंकल’ भेटतो. आणि दुष्ट चुलते त्यांच्या वाङ्मयांत पुष्कळच आहेत. पण मामानें भाचीला विकावें हा घाव निराळ्या जातीचा आहे. आपल्याकडे मामाचा गांव हें मुलांचें सुट्टींतलें सुख. म्हणूनच कंस आणि शकुनि हे दोघे मामा म्हणून अधिक काळे दिसतात. चिनी भाषेंत मामाला ‘च्यू’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि त्या शब्दाची ऊब आपल्या ‘मामा’हून फारशी वेगळी नाहीं.

एकदां हा धागा हातीं आल्यावर जिकडेतिकडे ओळखीच्या खुणा दिसूं लागल्या. बाओछायच्या आईला कादंबरींत ‘श्वे यीमा’ म्हणतात. ‘श्वे मावशी’ हें त्याचें शब्दशः मराठी. खेड्यांतून मदत मागावयास येणाऱ्या आणि वाड्यांतील ऐश्वर्य पाहून तोंडांत बोट घालणाऱ्या लिउ नांवाच्या म्हातारीला सारे ‘आजी’ म्हणूनच हांक मारतात. ती कोणाची आजी हा प्रश्न उद्भवत नाहीं. परक्याला नात्यानें हांक मारण्याची ही रीत चीनमध्यें आजही चालू आहे. तेथील मुलें अनोळखी प्रौढ माणसाला काका म्हणतात व बाईला मावशी म्हणतात. इतकेंच नव्हे, तर घरकामास येणाऱ्या बाईलाही तेथें ‘आयी’, म्हणजे मावशीच म्हणतात. आपल्याकडे भांडीं घासणारी मावशी, भाजीवाली मावशी, दवाखान्यांतली मावशी अशा किती मावश्या आहेत, हें वाचकांस सांगावयास नको. भेटल्याबरोबर “जेवलांत का?” असें विचारणें हेंही दोन्हींकडे सारखेंच, आणि दोन्हींकडे प्रश्नकर्त्याला जेवूं घालण्याचा बेत नसतो.

रंगांचीही तीच कथा. लाल रंग या कादंबरीच्या नांवांतच आहे. तारुण्य, वसंत, विवाह आणि सौभाग्य या सर्वांची ती खूण आहे. बाओयूच्या निवासस्थानाच्या नांवांतही ‘लाल’ हा शब्द येतो. हॉक्स यांनीं त्याचें ‘हिरव्या आनंदाचें घर’ असें भाषांतर केलें. कारण त्यांच्या मतें चिनी मनाला लाल रंगानें जें सुचतें तें इंग्रजी मनाला हिरव्या किंवा सोनेरी रंगानें सुचतें. इंग्रजी वाचकापुरतें तें मान्य करूं. पण ज्या घरांत कुंकवाचा करंडा आहे त्या घरांतील वाचकाला तो लाल रंग हिरवा करून देण्याचें कांहींच प्रयोजन नाहीं. आपण इंग्रजीवरून मराठी भाषांतर करूं लागलों तर हा हिरवा रंग तसाच उचलूं, आणि जी वस्तु आपल्या देवघरांत आहे ती विलायतेहून बदलून आणूं.

येथपर्यंत आलेला वाचक म्हणेल कीं, मग चिनी आणि मराठी माणूस एकच, मध्यें इंग्रज उगाच आला. माझाही कांहीं दिवस असाच समज झाला होता. आशियांतील एकत्र कुटुंब, वडीलधाऱ्यांचा मान, नात्यांची श्रीमंती, इत्यादि शब्द अशा वेळीं आपोआप जिभेवर येतात आणि बरेंही वाटतें. पण आत्याबरोबर वाचीत असल्यामुळें मला त्या सुखांत फार दिवस राहतां आलें नाहीं.

पहिली अडचण आली ती तिसऱ्या प्रकरणाकडे पुनः वळल्यावर. दाइयू आजोळीं प्रथम येते तेव्हां शीफंग तिचें तोंड भरून कौतुक करते, आणि हिच्याकडे पाहिलें तर ही आजीची ‘बाहेरची’ नात नसून सख्खी घरचीच नात वाटते, अशा अर्थाचें बोलते. मराठींत या कौतुकाचें काय करावें? आपली ‘नात’ मुलाची असो कीं मुलीची असो, नातच. ‘आजी’ आईची असो कीं वडिलांची असो, आजीच. चिनी भाषेंत मात्र मुलीच्या मुलांना आणि आईच्या आईबापांना ‘वाय्’, म्हणजे ‘बाहेरचें’, हें विशेषण लागतें. शीफंगच्या स्तुतींत एक सुई दडलेली आहे. तूं घरचीच वाटतेस, असें ज्याला सांगावें लागतें तो घरचा नसतो. ती सुई मराठी शब्दांतून निसटून जाते, आणि येथें दोष इंग्रजीचा नाहीं, आपला आहे. याच रीतीनें चिनी भाषा बापाचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांना निरनिराळे शब्द वापरते. आपण दोघांनाही काका म्हणून भागवितों. त्यांच्या बोलण्यांत नुसता ‘भाऊ’ असा नसतोच. तो थोरला तरी असतो किंवा धाकटा तरी. उलट, आपण ‘तो’ आणि ‘ती’ यांत जो भेद करतों तो चिनी उच्चारांत नाहीं. त्यांचें ‘था’ हें दोघांनाही चालतें. ‘ती’साठीं निराळें अक्षर लिहिण्याची चाल विसाव्या शतकाच्या आरंभींची आहे, आणि बोलतांना तो फरक आजही ऐकूं येत नाहीं.

दुसरी अडचण नांवांची. आरंभीं तर येथेंही साम्यच दिसलें. दुसऱ्या प्रकरणांत दाइयूचा शिक्षक सांगतो कीं, वाचतांना ‘मिन्’ हें अक्षर आलें कीं ही मुलगी त्याचा उच्चार ‘मी’ असा करते, आणि लिहितांना त्याची एखाददुसरी रेघ गाळते. कारण मिन् हें तिच्या आईचें नांव. हें ऐकून आत्या हंसली. तिच्या पिढींतील कितीतरी बायका नवऱ्याचें नांव उच्चारीत नसत. तें नांव एखाद्या वस्तूचें असलें तर त्या वस्तूलाही दुसरा शब्द योजीत. नांव घेण्याचा प्रसंग आला म्हणजे उखाण्याच्या आडून तें घ्यावयाचें. पण मग तिनें विचारलें, “ही वांगबाई जिया घराण्यांत इतकीं वर्षं नांदते आहे, आणि हिला अजून वांग कां म्हणतात?” वांग हें तिचें माहेरचें कुलनाम. चीनमध्यें लग्नानंतर स्त्रीचें कुलनाम बदलत नाहीं. पूर्वीं बदलत नव्हतें आणि आजही बदलत नाहीं. आत्याचें स्वतःचें आडनांव तर बदललेंच, पण लग्नांत तांदुळांवर नवें नांव लिहून माहेरचें नांवही गेलें. तिला चिनी रीत फार आवडली. “म्हणजे बाईचं माहेर तुटत नाहीं,” ती म्हणाली.

मला तें पटलें असतें. पण त्याच पुस्तकांत मुलीची मुलगी ‘बाहेरची’ ठरलेली होती. बाईचें माहेर नांवानें जन्मभर टिकतें, आणि बाईचीं मुलें मात्र त्या माहेराला परकीं, या दोन गोष्टी एका घरांत कशा नांदतात? विचार करतां दिसलें कीं, त्या दोन नसून एकच आहेत. कुलनाम हें चिनी कुटुंबाचें कुंपण आहे. तें बापाकडून येतें आणि लग्नानें मिळत नाहीं. म्हणून वांगबाई कितीही वर्षें नांदली तरी ती जिया होत नाहीं. आणि जियांच्या मुलीच्या पोटीं आली तरी दाइयू लिनच राहते. या कुंपणाची आठवण जिया लोकांच्या नांवांतही कोरलेली आहे. बाओयूच्या वडिलांच्या पिढींतील नांवांच्या लेखनांत एक समान अंग आहे. बाओयूच्या पिढीचें अंग ‘रत्ना’चें, तर पुढच्या पिढीचें ‘गवता’चें. लिहिलेलें नांव पाहतांच मनुष्य कोणत्या पिढीचा हें कळावें.

आतां मुख्य अडचणीकडे येतों. वाचन जसजसें पुढें गेलें तसतसें घरांत बाओछायशीं लग्नाचें वारें वाहूं लागलें, आणि आत्यानें वाचन थांबविलें. “ही मावसबहीण ना? मावसबहिणीशीं लग्न? अरे, ती तर बहीणच!” तिच्या चेहऱ्यावर खरोखरीच किळस होती. महाराष्ट्रांतील पुष्कळ जातींत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची रूढि आहे. आत्याची मुलगी त्या मानानें टाळतात. पण मावशीची मुलगी म्हणजे पाठची बहीण, तिचा विचारही कोणी करीत नाहीं. कुलनामाच्या कुंपणाकडे पाहिलें म्हणजे चिनी रीत समजते. चुलतबहीण त्याच नांवाची, म्हणून वर्ज्य. एकाच कुळांतील, एकाच नांवाच्या स्त्रीपुरुषांचा विवाह जुन्या चिनी कायद्यांनीं दंडनीय ठरविला होता. पण मावसबहिणीचें कुलनाम निराळें, आत्येबहिणीचें निराळें, मामेबहिणीचेंही निराळें. त्या तिघींशींही विवाह होत असे. आणि अठराव्या शतकांत, म्हणजे या कादंबरीच्याच काळांत, चिंग राजवटीनें ही गोष्ट लोकांच्या सोयीवर सोपविली होती. १९५० च्या चिनी विवाहकायद्यानेंही ती रूढीवर सोडली; १९८० च्या कायद्यानें मात्र अशा सर्व भावंडांचे विवाह बंद केले. म्हणजे आजच्या चीनमध्यें बाओयूला दाइयूशींही लग्न करतां येणार नाहीं आणि बाओछायशींही नाहीं.

या शोधांत आणखी एक गोष्ट अनपेक्षित हातीं लागली. समाजशास्त्रज्ञ फै श्याओतोंग यांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘पेझंट लाइफ इन चायना’ या ग्रंथांत यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या प्रदेशांतील एका खेड्याचें वर्णन आहे. त्या खेड्यांत मुलगी आपल्या आत्याच्या घरीं सून म्हणून गेली तर तें शुभ मानीत, आणि मामाच्या घरीं सून म्हणून गेली तर तें अशुभ मानीत. हें वाचून मी थक्कच झालों. कारण इरावती कर्वे यांनीं १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथांत महाराष्ट्राची जी रीत सांगितली आहे ती हिच्याशीं जुळणारी आहे. दाइयू ही मामाच्या घरीं सून होऊं पाहणारी मुलगी. कादंबरींत मात्र तिच्याविरुद्ध या आक्षेपाचा आधार कोणी घेतलेला दिसत नाहीं. तिचा नाजूक प्रकृतिस्वभाव हेंच कारण पुढें येतें. जेथें साम्य गृहीत धरलें तेथें भेद निघाला, आणि भेद पक्का झाला असें वाटलें तेथें पुनः साम्य निघालें. ‘आशियाई संस्कृति’ असा एकच शिक्का मारून हा हिशेब संपत नाहीं, एवढें त्यावरून स्पष्ट व्हावें.

आतां भाषांतराचा प्रश्न. ही कादंबरी मराठींत आणावयाची तर बाओछायला काय म्हणावें? ‘मावसबहीण’ म्हटलें तर मराठी वाचक पहिल्याच पानापासून तिला लग्नाच्या विचारांतून वगळून टाकील. दाइयू व बाओछाय या दोघी तोलामोलाच्या, दोघींचाही हक्क सारखा, दोघींपैकीं कोणाचेंही नांव निघावें आणि त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटूं नये, या पायावर सारी कथा उभी आहे. तो पायाच मराठी वाचकाच्या मनांत खचेल. शेवटचें लग्न त्याला दुःखद वाटण्याऐवजीं ओंगळ वाटेल, आणि दाइयूची बाजू त्याला कर्त्याच्या मनांत नसलेल्या कारणानें खरी वाटेल. येथें इंग्रजीचा जो ‘कझिन’ शब्द मीं इतका वेळ हिणविला, तो वाचकाला या गैरसमजांतून वांचवितो. त्याच्या आंधळेपणाचाच येथें उपयोग होतो. तेव्हां प्रश्न असा कीं, शब्द खरा ठेवून भाव बिघडूं द्यावा, कीं शब्द पुसट करून भाव सांभाळावा?

कांहीं रसिक मित्रांपुढें मीं हा प्रश्न ठेवला. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, ‘नात्यांतली मुलगी’ असा मोघम शब्द योजावा. या सूचनेंत व्यवहारज्ञान आहे. परंतु मला ती मान्य नाहीं. एक तर विसाव्या प्रकरणांतील समजूत, वांगबाईची ओढ, श्वे मावशीचें घरांत असणें, हें सर्व त्या मोघमपणांत बुडून जाईल. दुसरें असें कीं, वाचकाला जेथें ठेंच लागते तेथेंच त्याला परक्या घराची जमीन कळते. मावसबहिणीशीं लग्न हें ऐकून आपणांस जो धक्का बसतो तो चिनी माणसाच्या अनीतीमुळें नव्हे. आपलें कुंपण कोठें आहे हें आपल्याला इतकें अंगवळणी पडलें आहे कीं, त्याचें कुंपण दुसरीकडे असूं शकेल हें कधीं सुचलेंच नाहीं, म्हणून. ही जाणीव पुस्तकानें करून दिली तर तें पुस्तकाचें अपयश नव्हे. म्हणून भाषांतरकारानें ‘मावसबहीण’च लिहावें, ‘आत्येबहीण’च लिहावें, आरंभीं वंशवृक्ष द्यावा, आणि तेथें हात आंखडता न घेतां दोन पानें खर्चून कुलनामाची गोष्ट सांगावी. ‘बाहेरची नात’ हा शब्द तर मराठींत नवा घडवून ठेवावा. कानाला तो टोंचेल. पण दाइयूलाही तो टोंचतच होता.

हॉक्स यांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांनीं आपल्या वाचकांकडे पाहून लिहिलें, आणि तें योग्यच केलें. दोष आपला, कीं दुसऱ्याच्या वाचकासाठीं लिहिलेलें पुस्तक आपण जणूं आपल्यासाठींच लिहिलेलें आहे असें समजून वाचतों आणि त्यावरून तिसऱ्याविषयीं मत बनवितों. चिनी भाषा शिकून मूळ ग्रंथ वाचणारे मराठी अभ्यासक वाढावेत हें उघडच आहे. पण तोंपर्यंत सामान्य वाचकालाही एक गोष्ट करतां येईल: इंग्रजी पानावर शब्द सैल वाटला कीं थांबावें, आणि आपल्या घरांतला नेमका शब्द तेथें लावून पाहावा. तो बसला तर आनंद आहेच. न बसला तर तेथें कांहीं शिकण्यासारखें आहे असें समजावें.

आत्यानें दोन दिवस वाचन बंद ठेवलें. तिसऱ्या दिवशीं जेवण आटोपल्यावर ती आपण होऊन आंतून पाट घेऊन आली व म्हणाली, “त्यांच्यांत चालत असेल तर चालूं दे. पण त्या नणंदेच्या पोरीचं काय झालं तें सांग.” दाइयूच्या मृत्यूचें प्रकरण मीं त्या रात्रीं वाचलें. एकीकडे लग्नाचे वाजंत्री, एकीकडे ती एकटी. वाचून झाल्यावर आत्या बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “आजोळींच होती ना रे ती? आणि तरी बाहेरचीच राहिली.” मराठींत नसलेला तो शब्द तिनें बरोबर जागेवर वापरला होता.